बॅटरीवरचा रंगीत आकाशकंदील: आधी करंटचा हिशेब, मग रंग

आमच्या गॅलरीत प्लग नाही. त्यामुळे दर दिवाळीत कंदिलासाठी हॉलमधून वायर ओढायची, ती जाऊ द्यायला खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि त्या फटीतून रात्रभर डास. कागदाच्या आत २३० व्होल्टचा होल्डर लोंबतोय हे आईला कधीच पटलं नाही. झोपायच्या आधी ती दोनदा उठून बटण बंद आहे का ते बघायची. तिच्यासाठी म्हणून मी बॅटरीवर चालणारा कंदील केला. आत १२ रंगीत एलईडी, एक छोटा मायक्रोकंट्रोलर (आपला प्रोग्राम चालवणारी चिप) आणि एक लिथियम सेल. संध्याकाळचे तीन तास लावला तर एका चार्जिंगमध्ये जवळपास चार दिवस निघतात.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी आजवर सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही आणि प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नाही. सुट्टीचे दोन दिवस काढा. पहिला दिवस वायरिंगचा, दुसरा प्रोग्राम आणि कंदिलाचा.

सगळ्यात आधी कागद-पेन्सिल

नवीन माणूस रंगांपासून सुरुवात करतो आणि बॅटरीचा विचार शेवटी करतो. मग कंदील दीड-दोन तासांत मालवतो आणि 'बॅटरीवर हे चालत नाही' असं मत होऊन बसतं. चालतं, आणि छान चालतं, पण हिशेब आधी मांडावा लागतो.

आपण जी पट्टी वापरणार आहोत तिचं नाव डब्ल्यूएस२८१२बी. दुकानात 'निओपिक्सेल पट्टी' म्हणालात तरी कळतं. तिच्यावरचा एक एलईडी म्हणजे ५ मिलिमीटरचा पांढरा चौकोन. तो डोळ्याजवळ धरून बघा. आतल्या गोल खळग्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक ठिपके दिसतील आणि त्यांच्या शेजारी एक काळपट चौकोनी कण. तो कण म्हणजे त्या एलईडीचा स्वतःचा छोटा मेंदू. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रंग देता येतो तो याच्यामुळेच, आणि तोही एकाच डेटा वायरवरून.

पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा सरकवतात ना, अगदी तसं हे चालतं. पहिला आपली एक पत्रावळ काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे देतो. इथे पहिला एलईडी आपल्या वाट्याचे २४ बिट घेतो आणि पुढचे सगळे दुसऱ्याकडे पाठवतो. २४ बिट म्हणजे तीन आकडे: हिरवा, लाल, निळा किती हवा ते, प्रत्येकी ० ते २५५ मध्ये. सेकंदाला ८ लाख बिट या वेगाने १२ एलईडींची पंगत अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत वाढून होते.

आता करंट. एक रंग पूर्ण तेजाने लागला की साधारण २० मिलिअँपिअर खातो. तिन्ही रंग पूर्ण म्हणजे पांढरा, आणि तो ६० मिलिअँपिअर. नव्या पट्ट्या थोडं कमी खातात, पण हिशेब ६० चाच धरावा. १२ एलईडी पूर्ण पांढरे केले तर ७२० मिलिअँपिअर, ५ व्होल्टवर म्हणजे ३.६ वॅट. सेल ३.७ व्होल्टचा असतो, त्याचे ५ व्होल्ट करताना काही वीज वाया जाते, म्हणजे सेलमधून एक अँपिअरहून जास्तच ओढला जाणार. २६०० एमएएचचा (म्हणजे मिलिअँपिअर-तासांचा) सेल दोन तासांच्या आसपास तग धरेल.

पण आकाशकंदिलाला ट्यूबलाइटसारखा पांढरा प्रकाश हवाय कशाला? मी लाल २५५, हिरवा ९०, निळा ५ असा केशरी घेतला. तीन रंगांचे मिळून साधारण २७ मिलिअँपिअर. त्यावर एकूण तेज २५५ पैकी ६० वर आणलं, म्हणजे जेमतेम पाव. झाले साडेसहा. एलईडीतला तो काळा कण काहीच न लागतासुद्धा एखादा मिलिअँपिअर खातो, तो धरून साडेसात. गुणिले १२ म्हणजे ९०. मायक्रोकंट्रोलर बोर्डाचे २०. एकूण ११० मिलिअँपिअर, म्हणजे सेलच्या बाजूने सुमारे १७५. सेलची ८० टक्के क्षमता वापरली असं धरलं तरी बारा तास निघतात.

पाव तेज म्हणजे मिणमिणता दिवा असं वाटेल, पण तसं होत नाही. आपला डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. वीज पावपट केली तरी डोळ्याला ती निम्म्याच्या आसपास वाटते, आणि रात्रीच्या काळोखात त्याहून जास्त चालत नाही. पहिल्यांदा मी तेज २०० ठेवलं होतं तेव्हा गल्लीतून कंदिलाकडे बघवत नव्हतं.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी एकदा करा. एलईडी वाढवायचे असतील, रंग बदलायचा असेल, सगळं याच चार ओळींत बसतं.

काय काय आणायचं

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्हीकडे हे सगळं सामान एका फेरीत मिळतं. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवा.

आर्डुइनो नॅनो हा बोर्ड घ्या, शक्यतो पिना न लावलेला, कारण आपण वायर थेट सोल्डर करणार आहोत. त्याच्यावर एटीमेगा३२८पी ही चिप असते. हल्ली सगळे ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ सुचवतात, वाय-फाय मिळतं म्हणून. ते बोर्ड चांगलेच आहेत, पण इथे नकोत. वाय-फाय चालू असलं की तो बोर्ड एकटाच सत्तर-ऐंशी मिलिअँपिअर सहज खातो, म्हणजे आपल्या बाराच्या बारा एलईडींइतके. शिवाय त्यांचा सिग्नल ३.३ व्होल्टचा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला 'हो' समजायला किमान ३.५ व्होल्ट लागतात. कधी चालतं, कधी लुकलुकतं, आणि नवख्या माणसाला चूक कुठे आहे ते सापडत नाही. नॅनो ५ व्होल्टचा सिग्नल देतो, विषय मिटला.

पट्टी मीटरला ३० एलईडीवाली घ्या. ६० वाल्या पट्टीत १२ एलईडी २० सेंटिमीटरमध्ये दाटीने बसतात. ३० वालीत ४० सेंटिमीटर मिळतात आणि ती नळीवर गुंडाळली की प्रकाश चहूबाजूंना जातो.

सेल १८६५० या मापाचा: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. चांगल्या सेलवर २००० ते ३५०० एमएएच लिहिलेलं असतं. ९९०० छापलेले स्वस्त सेल सर्रास मिळतात. तो आकडा खोटा असतो. हातात घेऊन बघा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा हलका लागतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल पहिल्या कामासाठी वापरू नका. सोबत सेलचा होल्डर घ्या. सेलच्या टोकाला थेट सोल्डर करणं धोक्याचं आहे, उष्णतेने आतलं आवरण बिघडतं.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल. याचे दोन प्रकार येतात. ज्याच्या एका कडेला सेलसाठी 'बी' आणि बाहेर जाण्यासाठी 'आउट' अशा चार जागा आहेत तोच घ्या. त्याच्यावर संरक्षणाची वेगळी चिप असते, ती सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की पुरवठा तोडते आणि शॉर्टसर्किट झालं तरी तोडते. दोनच जागा असलेला प्रकार नको.

३.७ चे ५ व्होल्ट करायला एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल. मग एक सरकतं बटण, ४७० मायक्रोफॅरडचा १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर, ३३० ओहमचा रेझिस्टर (नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे), लाल-काळी-पिवळी बारीक वायर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, आणि सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा फ्लक्स. आणि दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर. त्याच्यावाचून हे काम सुरू करू नका.

पहिला टप्पा: विजेची बाजू

पट्टी आणि नॅनो अजून खोक्यातच राहू द्या.

होल्डरची लाल वायर टीपी४०५६ च्या 'बी प्लस'ला, काळी 'बी मायनस'ला. सोल्डर करताना सेल होल्डरमध्ये नको. आयर्नचं टोक तांब्यावर दोन सेकंद टेकवा, तांबं तापलं की सोल्डर तांब्याला लावा, आयर्नला नाही. ते पाण्यासारखं पसरलं आणि चकाकलं की झालं. गोळी होऊन बसलं तर ते नीट चिकटलेलं नाही, फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

'आउट प्लस'मधून वायर बटणाला, बटणाच्या दुसऱ्या पायाकडून बूस्ट मॉड्यूलच्या 'इन प्लस'ला. 'आउट मायनस' थेट 'इन मायनस'ला. बटण याच जागी हवं. पुढे, बूस्टनंतर लावलं तर कंदील बंद असतानाही बूस्ट मॉड्यूल सेल थोडा थोडा पीत राहतं.

आता सेल घाला. दिशा दोनदा बघा, उलटा बसला तर चार्जिंगची चिप जळते. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून 'आउट'च्या दोन जागा मोजा. बरेचदा इथे शून्य येतं आणि माणूस घाबरतो. पहिल्यांदा सेल घातला की संरक्षणाची चिप झोपलेली असते. चार्जरची केबल क्षणभर लावून काढा, आकडा ३.६ ते ४.२ च्या मध्ये कुठेतरी येईल.

पुढची पायरी मनापासून सांगतो, कारण ती मी पहिल्या वेळी गाळली होती. बूस्ट मॉड्यूल दुकानातून किती व्होल्टवर लावलेलं येईल याचा नेम नाही, ते २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. मी ते ५ व्होल्टवर असेल असं धरून थेट नॅनो जोडला. एक बारीक 'टिक' असा आवाज आला, करपल्याचा वास आला आणि तो नॅनो परत कधी चालू झाला नाही. पट्टीतले पहिले दोन एलईडीही गेले. बोर्ड गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की मीटर तिथेच, हाताशी पडलेला होता.

तेव्हा बूस्टच्या 'आउट'ला फक्त मीटर लावा, बटण चालू करा आणि निळ्या ठोकळ्यावरचा पितळी स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवा. सुरुवातीला दहा-बारा वेढे फिरवूनही आकडा हलत नाही असं होतं. स्क्रू खराब नाही, फिरवत राहा. एका बाजूला हलत नसेल तर दुसऱ्या बाजूला फिरवा. ५.० आला की थांबा. बटण बंद-चालू करून पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे हलणार नाही.

दुसरा टप्पा: पट्टी आणि नॅनो

पट्टीवर दर एलईडीनंतर कात्रीची खूण असते. तिथे तांब्याच्या तीन टिकल्यांच्या बरोब्बर मधून कापा, म्हणजे दोन्ही बाजूंना सोल्डरसाठी अर्धी-अर्धी टिकली उरते. १२ एलईडी मोजून घ्या.

पट्टीवर बाण छापलेले असतात. सिग्नल बाणाच्या दिशेनेच जातो. आपली वायर बाण जिथून सुरू होतो त्या टोकाला लावायची, तिथे 'डी-इन' लिहिलेलं असतं. उलट्या टोकाला लावली तर काही जळत नाही, पण काही लागतही नाही.

तीन जोडण्या करा. पट्टीची ५ व्होल्टची टिकली बूस्टच्या 'आउट प्लस'ला. पट्टीचा ग्राउंड, म्हणजे मायनसची टिकली, बूस्टच्या 'आउट मायनस'ला. मधल्या डेटाच्या टिकलीला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाकडून पिवळी वायर नॅनोच्या डी६ पिनला. रेझिस्टर पट्टीच्या अगदी जवळ हवा. नॅनोच्या '५ व्ही' पिनला बूस्टचा प्लस आणि 'जीएनडी'ला मायनस. 'व्हीआयएन' लिहिलेल्या पिनला नको, तिथे आतला रेग्युलेटर मध्ये येतो आणि नॅनोला पाचपेक्षा बरेच कमी व्होल्ट मिळतात.

पट्टीचा आणि नॅनोचा ग्राउंड एकमेकांना जोडलेला असलाच पाहिजे. ही एक वायर राहिली तर सिग्नलला परतीची वाट नसते आणि एलईडी भूत लागल्यासारखे वाट्टेल ते रंग दाखवतात.

कपॅसिटर पट्टीच्या सुरुवातीला, प्लस आणि मायनसच्या मध्ये. त्याच्या अंगावर ज्या बाजूला पांढरा पट्टा आहे तो मायनस. उलटा लावू नका, फुगतो. बटण दाबल्याबरोबर सगळे एलईडी एकदम करंट मागतात तेव्हा हा कपॅसिटर धक्का सोसतो.

तिसरा टप्पा: प्रोग्राम

कॉम्प्युटरवर आर्डुइनो आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. आर्डुइनो इटलीतल्या इव्हरेया गावात २००५ साली विद्यार्थ्यांसाठीच जन्माला आलं, त्यामुळे नवख्या माणसाला ते सोयीचं जातं.

केबल लावायच्या आधी बॅटरीचं बटण बंद करा. केबल आणि बॅटरी एकाच वेळी चालू ठेवू नका.

'टूल्स' मेनूत बोर्ड म्हणून नॅनो निवडा आणि कुठल्या पोर्टवर तो दिसतोय ते निवडा. पोर्टच दिसत नसेल तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, दुसरी लावून बघा. स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते, काही कॉम्प्युटरांना तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. अपलोड करताना बराच वेळ जाऊन चूक दाखवली तर 'प्रोसेसर'मध्ये जाऊन 'ओल्ड बूटलोडर' लिहिलेला पर्याय निवडा. स्वस्त नॅनोंच्या बाबतीत हाच इलाज बहुतेक वेळा लागू पडतो.

मग लायब्ररी मॅनेजरमध्ये 'ॲडाफ्रूट निओपिक्सेल' ही लायब्ररी, म्हणजे पट्टी चालवायचा आयता लिहिलेला प्रोग्राम, शोधून बसवा. 'फाइल'मधल्या 'एक्झाम्पल्स'मध्ये तिचं 'स्ट्रँडटेस्ट' हे उदाहरण उघडा. फार इंग्रजी दिसलं तरी बिचकू नका, आपल्याला तीनच आकडे बघायचेत. सुरुवातीला पिन ६ लिहिलेली आहे, ती तशीच ठेवा. त्याखाली एलईडींची संख्या ६० आहे, तिथे १२ करा. आणि खाली ब्राइटनेसच्या ओळीत ५० आहे, तिथे ६० करा किंवा तसंच सोडा. अपलोड करा. लाल, हिरवा, निळा एकामागून एक पट्टीवर सरकत जातील, मग इंद्रधनुष्य येईल. पहिल्यांदा ते दिसतं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाक मारावीशी वाटते. मारा.

लालच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी लाल दिसला तर तुमच्या पट्टीचा रंगक्रम वेगळा आहे. वरच्या ओळीत हिरवा-लाल-निळा असा क्रम तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो, तो लाल-हिरवा-निळा करा.

इंद्रधनुष्य मजेचं आहे, पण रात्रभर बघवत नाही. मला पणतीसारखा हलका थरथरता प्रकाश हवा होता. त्यासाठी 'लूप' या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातलं सगळं काढून टाकलं आणि असं लिहिलं: बारा एलईडींपैकी प्रत्येकासाठी ७० ते १०० मधला एक कुठलाही आकडा काढ. केशरीचे तिन्ही भाग, म्हणजे २५५, ९० आणि ५, त्या आकड्याने गुण आणि १०० ने भाग. तो रंग त्या एलईडीला दे. बाराही झाले की 'शो' म्हण. मग ६० ते १४० मिलिसेकंदांत कितीही वेळ थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून. आर्डुइनोच्या भाषेत या आठ-दहा ओळी होतात.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. तिन्ही भागांना एकाच आकड्याने गुणायचं. प्रत्येकाला वेगळा काढलात तर ज्योत थरथरण्याऐवजी रंगच बदलत राहतो. २५५ गुणिले १०० हा गुणाकार, म्हणजे २५,५००, 'इंट' या साध्या पूर्णांकाच्या खात्यात बसतो, पण नॅनोवर त्याची मर्यादा ३२,७६७ आहे, म्हणून १०० च्या जागी मोठा आकडा घेऊन ती ओलांडलीत तर उत्तर वेडंवाकडं येतं, तिथे 'लाँग' हे मोठं खातं वापरा. आणि ब्राइटनेसची ओळ 'सेटअप' या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात एकदाच लिहा. ती लूपमध्ये सतत बदलत राहिलात तर साठवलेल्या रंगांची प्रत घसरत जाते.

चौथा टप्पा: कंदील

इथे माझं एक ठाम मत आहे. रंगीत एलईडी लावायचे असतील तर कागद पांढरा घ्या.

आपले नेहमीचे पतंगी कागदाचे कंदील पिवळ्या बल्बसाठी होते. बल्बच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, कागद त्यातला आपला तेवढा रंग पुढे सोडतो. या एलईडीत मात्र लाल, हिरवा आणि निळा असे तीनच अरुंद रंग आहेत. हिरव्या कागदामागे लाल एलईडी लावा, कागद काळाकुट्ट दिसेल. मी केशरी प्रकाश जांभळ्या कागदातून सोडून बघितला, मळकट तपकिरी दिसला. पांढऱ्या बटर पेपरमागे तोच केशरी असा दिसला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, आत खरी पणती आहे का. रंगाची हौस झिरमिळ्यांवर भागवा. त्या बाहेर लोंबतात, त्यांच्यामागे प्रकाश नसतो.

सांगाडा नेहमीसारखाच, बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून, कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवून. आत मधोमध पुठ्ठ्याची साधारण ४ सेंटिमीटर जाडीची नळी उभी करा आणि पट्टी तिच्यावर तिरकी गुंडाळा. ४० सेंटिमीटर पट्टीचे तीन वेढे बसतात. पट्टीमागचा चिकट कागद एकट्याने टिकत नाही, वर-खाली दोऱ्याने बांधा. एलईडीपासून कागद किमान सहा-सात सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर बारा ठिपके वेगवेगळे दिसतात आणि कंदील एकसंध उजळत नाही.

सेल आणि तिन्ही बोर्ड घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात ठेवा. बोर्ड एकमेकांना टेकणार नाहीत असे मध्ये जाड पुठ्ठा घालून बसवा. डब्याचं वजन कागदावर येऊ देऊ नका, तो टांगायच्या दोरीलाच बांधा. वायर डब्यात खालून आत जाऊ द्या. वरून भोक पाडलंत तर दव वायरीवरून ओघळून थेट आत उतरतं. कोकणात ऑक्टोबरातही परतीचा पाऊस गाठतो, तिथे कंदील ओसरीच्या आतच लावावा.

टांगण्याआधी एकदा खरा करंट मोजा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, चकती १० अँपिअरवर, आणि बटण व बूस्टच्या मधली वायर सोडून तिथे मीटर साखळीत जोडा. केशरी थरथर चालू असताना ०.१५ ते ०.१८ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर ब्राइटनेसची ओळ बहुतेक लागू झालेली नाही. मोजून झालं की लाल वायर लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. ती तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

अडलं तर

पहिला एलईडीसुद्धा लागत नसेल तर बाणाची दिशा, मग ग्राउंडची वायर, मग डेटाचा सोल्डर, या क्रमाने बघा. पाचवा लागतो आणि सहावा नाही, असं असेल तर दोघांपैकी एक गेलाय. तो कापून काढा आणि दोन तुकडे तीन छोट्या वायरींनी जोडा, बाणाची दिशा सांभाळून.

पांढरा लावल्यावर शेवटचे एलईडी पिवळट किंवा लालसर दिसत असतील तर तिथे व्होल्ट कमी पडताहेत. लाल ठिपक्याला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्याला आणि हिरव्याला तीनच्या वर लागतात, म्हणून वीज कमी पडली की आधी निळा मान टाकतो. (हा निळा एलईडी नीट तयार व्हायला इतकी वर्षं लागली की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो नसता तर आपल्या पट्टीत पांढराही नसता.) जाड वायर वापरा किंवा तेज कमी करा.

बटण दाबल्यावर लागून लगेच बंद पडत असेल तर सेल उतरलाय किंवा खोटा आहे. सेल हाताला गरम लागत असेल तर मात्र शोधत बसू नका. बटण बंद, सेल बाहेर, आणि तो मोकळ्या जागी फरशीवर. फुगलेला, चेपलेला किंवा आवरण फाटलेला सेल परत वापरायचा नाही. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

चार्जिंग

बटण बंद करूनच चार्ज करा. कंदील चालू असला की मॉड्यूलला सेल भरला कधी ते नीट कळत नाही. साधा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर चालतो. मॉड्यूल एक अँपिअरने भरतं, म्हणजे २६०० चा सेल तीनेक तास घेतो. चार्ज होताना लाल दिवा, भरला की निळा किंवा हिरवा. मॉड्यूल गरम होतं, ते ठीक आहे, सेल गरम होता कामा नये. दुपारच्या उन्हात गॅलरीत टांगलेल्या डब्यातच चार्जर लावू नका. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद डबा तिथवर सहज पोचतो. डबा आत घ्या, टेबलावर ठेवा, आणि झोपेत किंवा घराबाहेर असताना चार्जिंग चालू ठेवू नका.

तुळशीचं लग्न झालं, कंदील उतरवला की सेल होल्डरमधून काढा. मीटरवर ३.७ ते ३.८ व्होल्ट येईल इतपत भरलेला असू द्या, पूर्ण भरलेला नको आणि रिकामाही नको. दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर तारीख आणि व्होल्ट लिहा आणि कोरड्या कपाटात ठेवून द्या. पुढच्या वसुबारसेच्या आठवडाभर आधी काढून पुन्हा मोजा. तीनच्या खाली गेला असेल तर नवीन सेल आणा.